शब्द गाळलेल्या 'मेम्फिस'ची कैफियत

साहित्याच्या अभ्यासकांना गाणे ऐकू येत नाही, गाण्यातले शब्द तेवढे ऐकू येतात, असा आमचा आरोप आहे. आरोपींच्या पिंजऱ्यात आम्ही स्वतःही उभे आहोत, कारण ही खोड आम्हांला वर्गातच लागली आणि पुढे वर्गातच आम्ही ती इतरांना लावली. पुराव्यादाखल तीन मिनिटांहूनही लहान अशी एक ध्वनिमुद्रिका आम्ही वाचकांपुढे ठेवतो: लॉनी मॅक या अमेरिकन गिटारवादकाने १९६३ साली वाजवलेले 'मेम्फिस'.

मूळ गाणे चक बेरी यांचे. 'मेम्फिस, टेनेसी' हे त्याचे पूर्ण नाव. १९५९ साली ते एका तबकडीच्या मागल्या बाजूला प्रसिद्ध झाले. एक माणूस ट्रंक कॉल लावून देणाऱ्या ऑपरेटरची मनधरणी करतो आहे. मेम्फिसमधल्या मरीशी त्याला बोलायचे आहे, पण नंबर त्याच्यापाशी नाही. तिचा फोन येऊन गेला तो काकाने घेतला आणि निरोप भिंतीवर लिहून ठेवला. श्रोता समजतो, ही दुरावलेली प्रेयसी असणार. शेवटच्या कडव्यात कळते की मरी अवघी सहा वर्षांची आहे आणि बोलणारा तिचा बाप आहे. उत्तम लघुकथेचा शेवट म्हणून हे कडवे कोणत्याही वर्गात शिकवावे. अमेरिकेतल्या पेन न्यू इंग्लंड या लेखकसंस्थेने गीतरचनेतील वाङ्मयीन गुणवत्तेचा पुरस्कार २०१२ साली प्रथम दिला, तेव्हा लेनर्ड कोहेन यांच्यासह बेरींचीही निवड झाली. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

आमची तक्रार पुढे सुरू होते. १९६३ साली सिनसिनाटीतल्या किंग स्टुडिओत मॅक आणि त्याचे साथीदार एका गायिकासंचाला साथ करायला गेले होते. ते काम आटोपल्यावर थोडा वेळ उरला. त्या उरलेल्या वेळात त्यांनी बेरींचे हे गाणे शब्द पार गाळून वाजवले. उष्ट्या वेळेत झालेली ही मुद्रिका बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. पुढच्याच वर्षी जॉनी रिव्हर्सने तेच गाणे शब्दांसह गाऊन दुसरा क्रमांक गाठला. आज 'मेम्फिस' म्हटले की बेरी आठवतात, फार तर रिव्हर्स आठवतो. मॅकचे नाव गिटार वाजवणाऱ्यांनी जपले, बाकीच्यांनी टाकून दिले.

का टाकले? सुशिक्षित उत्तर ठरलेले आहे: 'त्यात मरी कुठे आहे?' कथा गेली, कलाटणी गेली, बाप गेला. उरले काय, तर नाचायला बरा असा एक ठेका. आक्षेप खोटा नाही. शेवटच्या कडव्याला गिटारमध्ये पर्याय नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण आक्षेप घेणाऱ्याने मूळ गाणे तरी नीट ऐकले आहे काय? बेरींनी ही दुःखाची कथा रडक्या चालीत बांधलेली नाही. तिच्याखालचा ठेका डुलत, जवळजवळ खुशीत चालतो. शब्द म्हणतात विरह आणि ताल म्हणतो प्रवास. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. त्यांतला विरोध या गाण्याच्या गाभ्यात आहे. शब्दांच्या मागे धावणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण त्याने विरोधातली एकच बाजू ऐकलेली असते.

मॅकने दुसरी बाजू ऐकली. त्याचे वादन बेरींच्या चालीने सुरू होते, खालच्या स्वरांत, दमदारपणे. मग बोटे चालीतून सुटतात. एकेका स्वराच्या वेगवान लडी उलगडत जातात, आपल्याकडच्या तानेची आठवण व्हावी अशा, आणि तरीही ठेक्यावरचे पाऊल क्षणभरही चुकत नाही. मूळ गाण्यात बाप एका जागी, फोनपाशी खिळलेला आहे. त्याच्या बोलण्याखाली जी धाव दबून होती ती इथे मोकळी झाली आहे. मॅकने कथा सांगितली नाही. कथेला पेलून धरणारी गती त्याने उघडी करून दाखवली. दुसऱ्याच्या कृतीतले दबलेले अंग वर आणणे यालाच आपण समीक्षा म्हणतो ना? मग हे वादन बेरींच्या गाण्यावरचे भाष्य का ठरू नये?

सतारीवर गायकी अंगाने बंदिश वाजली की आपण 'शब्द कुठे गेले' असे विचारत नाही, माना डोलावतो. विलायत खाँसाहेबांना जो न्याय लावतो तो मॅकला लावायचा नाही, याचे कारण सौंदर्यशास्त्रात सापडणार नाही. ते आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांत आहे. रॉक म्हणजे गोंगाट, आणि दुसऱ्याचे गाणे वाजवणे म्हणजे नक्कल, एवढ्या दोन शिक्क्यांवर आपले काम भागते.

२०१६ सालच्या २१ एप्रिलला मॅक वारला. त्याच दिवशी प्रिन्स या विख्यात गायकाचे निधन झाले आणि त्या बातमीच्या लोंढ्यात मॅकची बातमी वाहून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिलनला नोबेल जाहीर झाले. गीत हे साहित्य आहे की नाही, यावर आपण सर्वांनी हिरिरीने वाद घातला. गाण्याला साहित्याच्या ओसरीवर बसू द्यावे की नाही, एवढाच तो वाद होता. साहित्याच्या माणसाने उठून गाण्याच्या घरी जावे, तिथे शब्दाविना अर्थ कसा उभा राहतो ते शिकून यावे, हे कोणाला सुचले नाही.

हा प्रश्न एका विस्मृत तबकडीपुरता नाही. कवितेचा 'आशय' चार ओळींत लिहून द्या म्हणणारा शिक्षक आणि तो लिहून मोकळा होणारा विद्यार्थी, दोघेही कवितेला असेच वागवतात. ती काय सांगते ते त्यांना पाठ असते, ती कशी चालते ते त्यांच्या गावीही नसते. अशांसाठी आमची एक साधी सूचना आहे. बेरींचे गाणे एकदा ऐका, लगेच मॅकचे ऐका, आणि पुन्हा बेरींकडे या. मरी तिथेच असेल, सहा वर्षांचीच असेल. पण या खेपेला बापाच्या शब्दांखालचा तो ठेकाही ऐकू येईल. तो ऐकू आला तर मॅकने आपल्याला बेरी वाचायला शिकवले असे समजावे, आणि उद्या वर्गात कविता मोठ्याने म्हणावी, अर्थ सांगण्याच्या आधी.