ओट्यावरून दिलेलं उत्तर

माझी खाला म्हसळा तालुक्यात राहते. दोन वर्षांपूर्वी मी गावी गेलो होतो, तेव्हा आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या. तिशीपुढच्या सगळ्यांचा तो भरतात. बायकांसाठी त्यात सरळ प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का, आकार बदललाय का. मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलेलो. मला बघून आशाताई अडखळल्या. खाला आत स्वयंपाकघरात होती. मीच सांगून टाकलं, "काही नाही, सगळं ठीक आहे."

सात महिन्यांनी खाला घाटकोपरला आमच्याकडे आली, तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. अम्मीला म्हणाली, त्या दिवशीही होती. दुखत नव्हती म्हणून बोलले नाही. शस्त्रक्रिया झाली, आता औषधं चालू आहेत. तिच्या गप्प राहण्याला आपण हया म्हणू. माझ्या उत्तराला काय म्हणायचं?

त्यानंतर मी सवयीप्रमाणे आकडे शोधत बसलो. 'स्वतःच तपासा' एवढं सांगून भागत नाही, हे तिथे कळलं. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,००० हून अधिक स्त्रियांवरच्या अभ्यासात निम्म्या जणींना स्वतःची तपासणी शिकवली होती. २००२ साली निष्कर्ष आले : मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या.

दुसरा अभ्यास आपल्याच मुंबईतला. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर तो केला. त्यांतल्या निम्म्या जणींना आजाराची लक्षणं समजावली आणि दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासलं. या सेविका डॉक्टर नव्हत्या. मॅमोग्राफीचं यंत्रही नव्हतं. २०२१ मध्ये निकाल छापून आला : पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे आपलं शरीर ओळखीचं असावंच. नवी गाठ, काखेतली सूज, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र दिसलं तर महिनाभर वाट बघू नये. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. आणि काही दिसत नसलं तरी प्रशिक्षित बाईकडून तपासून घ्यावं. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, असं सरकारी धोरणच आहे. गावच्या आरोग्य केंद्रात विचारा.

आपल्या जमातींची आरोग्य शिबिरं मी अंधेरीत, मुलुंडला पाहिली आहेत. बीपी, शुगर, डोळे, झालं. पुढच्या शिबिरात एक पडदा लावलेली खोली आणि एक प्रशिक्षित सेविका मागून घ्या. खर्च मंडपाहून कमी येईल. आणि मुलांनो, आशाताई फॉर्म घेऊन आल्या की ओट्यावरून उठा, अम्मीला बाहेर बोलवा आणि जरा लांब जाऊन बसा.