स्वतःशी बोलणाऱ्यांच्या बाजूने

स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की आपण दोनच निदानं करतो: एक तर हा साधू, नाहीतर याचा एखादा स्क्रू ढिला! बिल एव्हान्स या अमेरिकन जॅझ पियानोवादकाने १९६३ साली हाच उद्योग स्टुडिओत बसून राजरोस केला. आधी एकदा पियानो वाजवला. मग तेच टेपवर ऐकत वर दुसऱ्यांदा वाजवला. मग त्या दोघांच्या जोडीला तिसऱ्यांदा! तबकडीचं नाव 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ', म्हणजे चक्क स्वतःशी गप्पा.

अशा तबकडीला नाकं मुरडणारी सोवळी मंडळी सगळीकडे असतात. म्हणे, जॅझ म्हणजे चार वादकांनी समोरासमोर बसून आयत्या वेळी सुचलेलं वाजवायचं. ही तर टेपची करामत! उद्या एकटाच माणूस भजनी मंडळ काढेल!

काढू द्या की! टेपने हात सहा केले, कबूल. पण सुचायचं होतं ते एकाच डोक्याला. आणि पहिला बिल बोलून गेला तो गेला. दुसऱ्याने कितीही डोळे वटारले तरी तो काही थांबायचा नाही. मग दुसऱ्याने करायचं काय? निमूट ऐकायचं, मोकळी जागा हेरायची आणि तेवढ्यातच बोलायचं. तिसऱ्याची तर दुहेरी पंचाईत. याउलट कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा घ्या. बत्तीस सभासद एकदम वाजत असतात आणि ऐकत कुणीच नसतं. पण त्याला कुणी करामत म्हणत नाही. त्याला विचारविनिमय म्हणतात!

या तबकडीला ग्रॅमी मिळालं म्हणून मी तिची वकिली करतो, असं समजू नका. पुरस्कार काय, कशालाही मिळतात. कुठे कुठे तीन पियानोंची दाटी होते, हेही मान्य. पण १९६७ साली याच धर्तीची पुढची तबकडी काढताना या गृहस्थाने पियानो दोनच ठेवले. वक्ता आपण होऊन कमी झाल्याचं तुम्ही कुठल्या सभेत पाहिलंय?

तेव्हा एकट्याने ऐकून ऐकून वाजवलेलं खोटं आणि चौघांनी एकमेकांचं न ऐकता बडवलेलं खरं, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. फक्त त्याआधी तबकडी एकदा ऐकावी. ऐकणं हीच तर खरी अडचण आहे!