घड्याळ अजून कराडलाच

परदेशी निघालेले कुटुंब माझ्या दवाखान्यात येते ते बहुधा दोन कामांसाठी. एक, तीन महिने पुरतील इतक्या औषधांची चिठ्ठी. दुसरे, जुलाब, सर्दी, ताप यांवरच्या ‘जवळ असलेल्या बऱ्या’ अशा गोळ्या. मीही इतकी वर्षे तेवढेच देत आलो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असू द्या, गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, विमानात अधूनमधून उठून चाला, एवढे सांगितले की माझे काम संपे. उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तुम्ही काय करणार आहात, हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता. गेल्या ऑक्टोबरात तो मला स्वतःला कुणी विचारला असता, तर पुढची हकीकत लिहिण्याची वेळ आली नसती.

मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही तिघे वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. एक भूलतज्ज्ञ होऊन अमेरिकेत ॲरिझोनातील फिनिक्सला स्थायिक झाला, दुसरा टेक्सासमधील ह्यूस्टनला, आणि मी कराडला. तिघे एकत्र भेटून बत्तीस वर्षे झाली होती. ह्यूस्टनच्या मित्राला कशीबशी एका रात्रीची सवड मिळाली: शुक्रवारी दुपारी फिनिक्सला यायचे, शनिवारी पहाटेच्या विमानाने परतायचे. म्हणजे भेट शुक्रवारी रात्रीच्या जेवणालाच. मी आणि पत्नी गुरुवारी दुपारी लॉस एंजेलिसला उतरणार होतो. भाच्याच्या घरी एक रात्र काढायची, भाड्याची मोटार घ्यायची आणि शुक्रवारी सकाळी फिनिक्सची वाट धरायची, असा बेत मी आखला. अंतर साडेपाचशे किलोमीटरहून थोडे अधिक. नकाशा सहा तास दाखवीत होता.

“मामा, विमानानं जा ना, सव्वा तासात पोचाल,” असे भाचा म्हणाला. मला वाळवंट पाहायचे होते. शिवाय पुढे फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅनियन मोटारीनेच करायचे होते. पुणे-बंगळूर महामार्गावर रात्री-अपरात्री गाडी हाकलेल्या माणसाला अमेरिकेतील सरळसोट रस्त्याची काय मातबरी?

गुरुवारी संध्याकाळी आठला झोपलो आणि रात्री दीडला टक्क जागा झालो. त्याआधीच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नव्हता. विमानातील कोरड्या हवेने नाक चोंदले होते, म्हणून सकाळी सर्दीची एक गोळी घेतली. तिच्यात क्लोरफेनिरामिन होते. ही गोळी देताना मी प्रत्येक रुग्णाला बजावतो, की घेतल्यावर गाडी चालवू नका. स्वतःला बजावायचे राहून गेले.

साडेदहाला निघालो. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची धास्ती होती, पण ती तासाभरात ओसरली. वळणाचा दिवा लावायला जावे आणि काचेवरचा वायपर सुरू व्हावा, एवढीच फजिती. पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे खिंडीत शेकडो पवनचक्क्या फिरत होत्या. पत्नीला चाळकेवाडीची आठवण झाली. इंडिओला थांबून डबा खाल्ला. तेथून पुढे इंटरस्टेट १० हा महामार्ग डोंगर चढून खऱ्या वाळवंटात शिरतो. दोन्ही बाजूंना राखाडी झुडपे, दूरवर उघडे डोंगर आणि मध्ये दोरी ताणावी तसा रस्ता. बाहेर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ३५, आत थंडगार. डेझर्ट सेंटर नावाचे ओसाड ठिकाण मागे पडले. तीन वाजायला थोडा वेळ होता.

त्यानंतरचे मला आठवते ते एकदम कानाशी उठलेली घरघर आणि पत्नीचा आवाज: “अहो! गाडी!” गाडी उजवीकडे सरकून रस्त्याच्या कडेवर गेली होती. तेथे डांबरात आडव्या खाचा कोरलेल्या असतात. चाक त्यांवरून गेले की मोठा खडखडाट होतो आणि डुलकी लागलेला माणूस जागा होतो. माझे डोळे मिटले होते का? पत्नी म्हणते, उघडे होते. वैद्यकशास्त्रात याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. काही सेकंदांपुरता मेंदू झोपतो, डोळे उघडे असले तरी पाहत नाही, आणि आपण झोपलो होतो हे माणसाला बहुधा कळतही नाही. ताशी ७० मैल हा वेग म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. चार सेकंदांत गाडी सव्वाशे मीटर जाते.

पुढच्या विश्रांतिस्थळी गाडी उभी केली तेव्हा हाताचे तळवे ओले होते. सहज मनगटाकडे पाहिले. मनगटावरचे घड्याळ मी बदललेले नव्हते. त्यात पहाटेचे सव्वातीन वाजलेले होते.

वाचकहो, सगळे उत्तर त्या घड्याळात होते. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. (पेशींतील हे घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.) डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून हे घड्याळ स्वतःला लावून घेते, पण घाईने नाही, ढोबळमानाने दिवसाला एक तास. त्या मोसमात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतो. म्हणजे तेथली भर दुपार ही आपली उत्तररात्र. पहाटे तीन ते पाच ही शरीराची सर्वांत खालची ओहोटी. तापमान उतरलेले, सावधपणा मंदावलेला. रात्रपाळीच्या परिचारिकांना आणि एसटीच्या चालकांना ही वेळ विचारा. वाळवंटातील लख्ख उन्हात मी कराडच्या पहाटे तीनला गाडी चालवीत होतो, तीही अपुऱ्या झोपेवर आणि सर्दीच्या गोळीवर.

सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती आपण किल्ली देत नाही. जागरण झालेल्याला मात्र ‘चहा घे आणि नीघ’ म्हणतो.

चहा-कॉफीचे म्हणाल, तर तिचा परिणाम जाणवायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि ती झोपेचे देणे फेडीत नाही, फक्त तगादा थोपवते. कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, हा त्यातल्या त्यात उपयोगी उपाय. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटांचा धीर येतो. त्यावर शंभर मैल काढू नयेत. वारंवार जांभई, मागच्या काही मैलांत काय दिसले ते न आठवणे, गाडी आपल्या पट्ट्यातून सरकणे, ही लक्षणे दिसली की थांबावेच. आणि पहिले दोन-तीन दिवस लांबचा पल्ला ठेवूच नये. चालवणे भागच असेल तर तेथली सकाळ बरी. आपली उत्तररात्र जेथे येते ते तास टाळावेत.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट. चार तासांहून अधिक काळ बसून केलेला कोणताही प्रवास, विमानाचा असो वा मोटारीचा, पायांच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढवतो. आम्ही सोळा तासांच्या विमानप्रवासाला दुसऱ्याच दिवशी सहा तासांची मोटार जोडली होती. दर दोन तासांनी उतरून चालावे. स्त्रिया स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी टाळतात. माझ्या पत्नीनेही सकाळपासून जेमतेम एक पेला प्यायले होते. तेथे महामार्गावर ठिकठिकाणी विश्रांतिस्थळे आहेत, ती भीती नको. एका बाजूची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून न दवडता रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या गोळीची आणि विशेषतः इन्सुलिनची वेळ साडेबारा तासांच्या फरकात कशी बसवायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधांची नावेही तेथे बदलतात: आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन, दम्याचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल. नेहमीच्या नावाने मागाल तर दुकानदार मान हलवील.

विश्रांतिस्थळी मी वीस मिनिटे झोपलो. उठलो तेव्हा डोके शिशासारखे जड होते. फिनिक्स अजून तीन तासांच्या आत होते. सात वाजता पोचता आले असते. मी किल्ली हातात घेतली. पत्नी बाकावरून उठली नाही. “आपण पुढच्या गावी मुक्काम करायचा,” ती म्हणाली. “त्यांना मी सांगते.” आणि तिने माझ्याकडून फोन मागून घेतला.

फिनिक्सचा मित्र आधी म्हणाला, “वहिनी, अहो, आता जवळच तर आलात!” ती काय झाले ते सांगू लागली, तसा तो गप्प झाला. मग एवढेच बोलला: “त्याला म्हणावं, आज गाडी नको. आम्ही जेवून घेतो.”

पुढचे पंधराएक मैल सावकाश कापून कोलोरॅडो नदीकाठच्या ब्लाइद गावी मुक्काम केला. सहाला झोपलो. रात्री दोनला जाग आली आणि मग झोप लागली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मनात त्या जेवणाचाच हिशेब चालला होता: आता ते दोघे झोपले असतील, आता तो उठला असेल, आता निघाला असेल.

पाचला फोन वाजला. तो विमानतळावरून बोलत होता. “साडेअकरापर्यंत तुझ्याच गोष्टी चालल्या होत्या,” तो म्हणाला. “थांबलास ते बरं केलंस रे.” पुढे काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. मागे कसली तरी सूचना ऐकू येत होती. “चल, बोलावताहेत,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

उजाडल्यावर आम्ही निघालो आणि दहाच्या सुमारास फिनिक्सला पोचलो. मित्र फाटकातच उभा होता. आदल्या रात्रीचे भरले वांगे त्याने आमच्यापुरते काढून ठेवले होते.