‘तात्काळ अपडेट करा’ म्हणणाऱ्या साहेबांना मार्कंड्याहून एक प्रश्न

दर काही महिन्यांनी वरून एक फर्मान येतं. ‘सर्व संगणक तात्काळ अद्ययावत करावेत, अन्यथा संबंधितांस जबाबदार धरण्यात येईल.’ संबंधित म्हणजे कोण? तर गावातल्या केंद्रावर दाखले काढून देणारी ताई.

परवा एका केंद्रात बसलो होतो. गाव आणि केंद्र सांगत नाही, उगाच तिच्यावर बालंट नको. लाईन बंद, म्हणून स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालू. स्क्रीनवर अपडेटची सूचना आली, तिनं ती पुढे ढकलली. मी विचारलं तर म्हणाली, “भाऊ, हे दाबलं का दिवसभराचा नेट खलास होते. मंग लोकायचे दाखले कसे काढू?”

बिनतोड उत्तर आहे. ती आळशी नाही. तिच्याकडून जे मागितलं जातंय ते तिच्या खिशातून मागितलं जातंय.

आता कोणी म्हणेल, एवढ्या छोट्या गोष्टीवर पोस्ट कशाला? २०१७ आठवा. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच भोकातून घुसला. मध्ये तब्बल ५९ दिवस होते! औषध बाजारात आलेलं होतं, पण रोग्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. दीडशेच्या आसपास देशांत संगणक अडकले, इंग्लंडमध्ये तर दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. महिना-दीड महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. त्यानंही पसरायला तेच जुनं भोक वापरलं होतं.

म्हणजे अपडेट तयार करणं ही अर्धीच गोष्ट. ते पोहोचवणं हे खरं काम, आणि आपल्याकडे ते कोणाच्याच टेबलावर नाही.

साधा हिशेब करा. अपडेट ५०० एमबीचं, लाईन २ एमबीपीएसची. एका संगणकाला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. ऑफिसात वीस संगणक असले आणि प्रत्येकानं तीच फाईल वेगवेगळी ओढली, तर अकरा तास. तेही लाईन एकदाही तुटली नाही आणि दुसरं कोणी काही काम केलं नाही तर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, तिथे हा हिशेब मांडायची सोयच नाही.

मी पेपरवाला माणूस. नागपूरचा पेपर वाचायला प्रत्येक वाचक रोज नागपूरला जातो का? गठ्ठा एकदा येतो, स्टँडवर सुटतो आणि घरोघरी जातो. संगणकाचंही तसंच करता येतं. ऑफिसातल्या एका मशीनवर अपडेट एकदा उतरवायचं, बाकीच्यांनी ते आतल्या वायरीवरून घ्यायचं. अकरा तासांचं काम बाहेरच्या लाईनीवर अर्ध्या तासाचं होतं. विंडोज १० पासून तर जवळचे संगणक एकमेकांना फाईलचे तुकडे देऊ शकतात, ती सोय आतच आहे. वेगळा पैसा नको. कोणीतरी सेटिंग करून दिली पाहिजे, बस्स.

“मग व्हायरस नाही का शिरणार?” असं एका जाणकार मित्रानं विचारलं. अपडेटच्या फाईलवर कंपनीची डिजिटल सही असते आणि लावण्याआधी संगणक ती तपासतो. फाईल शेजारच्या टेबलावरून आली की अमेरिकेतून, यानं फरक पडत नाही. वाटेत कोणी अक्षर बदललं तर सही जुळत नाही. पण सही फक्त वाटेवरची राखण करते. खुद्द बनवणाऱ्याच्या घरातच चोर शिरला तर? नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती.

आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राईकच्या एका बिघडलेल्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले. त्यात चोर नव्हता, निव्वळ चूक होती. हे उदाहरण देऊन ‘म्हणून आम्ही अपडेटच करत नाही’ म्हणणारे महाभाग मला भेटले आहेत. अरे, यातून धडा वेगळा आहे. एकदम सगळीकडे सोडू नका. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी दहा मशीनवर लावा, दोन दिवस बघा, मग तालुके, मग गावं. भात रोवतानाही आपण पऱ्हे आधी बघूनच घेतो ना?

गडचिरोलीत बारा तालुके आहेत. बारा ठिकाणी बारा मशीन आणि ते सांभाळणारा एकेक माणूस, ज्याच्या नेमणूकपत्रात हे काम लिहिलेलं असेल. एवढंच मागतोय. फर्मानाचा कागद यापेक्षा महाग पडत असेल.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. प्रश्न तीनच : चामोर्शी तालुक्यातल्या सरकारी संगणकांपैकी किती जणांना शेवटचं अपडेट मिळालं, ते कोणत्या लाईनीवरून मिळालं, आणि त्या डाटाचे पैसे कोणी भरले. उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.