पाय सुजण्याची वाट का पाहावी?

हत्तीरोगाच्या जंताची पिल्ले रात्रीच रक्तात फिरतात. त्यामुळे पूर्वी तपासणीचे पथक रात्री येई आणि दिवसभर राबलेली माणसे झोपेतून उठून बोट पुढे करीत नसत. आता पट्टीवरची तपासणी आहे. मोठ्या जंताने रक्तात सोडलेले द्रव्य ती ओळखते, म्हणून दिवसाही चालते. निकाल दहा मिनिटांत मिळतो. अशा तपासण्यांवर सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत डॉ. हरिनाथ यांनी अनेक वर्षे संशोधन केले.

आपल्या वडोदऱ्याहून सुरत दूर नाही आणि तिकडे हा रोग जुना आहे. सूज एकदा बळावली की पुरती ओसरत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पथक आले तर, पाय धडधाकट असला तरी, थेंबभर रक्त अवश्य द्यावे.