सचोटीचे प्रमाणपत्र आणि त्याबाहेरचे बरेच काही

ऑनलाइन कॅसिनोतील खेळ सचोटीचा आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासले जाते. स्लॉटची चित्रे, रूलेटचा आकडा, पत्त्यांचा क्रम हे सारे ठरवणारा यादृच्छिक अंकनिर्माता जीएलआय, ईकोग्रा किंवा आयटेक लॅब्ज अशा संस्थेकडे जातो. तेथे त्याची आज्ञावली वाचली जाते. त्यातून लाखो आकडे काढून त्यांत कुठे क्रम किंवा झुकाव दिसतो का, हे संख्याशास्त्रीय कसोट्यांनी पाहिले जाते. जाहीर केलेला परतावा खरोखर मिळतो का, तेही पडताळतात. मंजूर आज्ञावलीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला अंकीय ठसा, नोंदवून ठेवतात. पुढे तीत एक अक्षर बदलले तरी हॅश जुळत नाही.

एवढे झाले की खेळ सचोटीचा ठरला, असा या धंद्याचा दावा असतो. तो टिकत नाही, कारण लबाडी बहुधा आकड्यात नसते, आकड्याच्या आजूबाजूला असते.

याचा दाखला मावळातच आहे. मार्च २०२१ मध्ये गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने कोरोनामुळे प्रेक्षकांविना झाले. २६ मार्चच्या सामन्यावर सट्टा चालवल्याच्या आरोपावरून पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांतील काही जण घोरावडेश्वराच्या डोंगरावरून, तर काही मैदानाजवळच्या इमारतीतून दुर्बिणी आणि कॅमेरे लावून खेळ पाहत होते. दूरचित्रवाणीवरचे चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते. डोंगरावरच्याला चेंडूचा निकाल आधी कळतो आणि घरी बसून पैसे लावणारा घडून गेलेल्या चेंडूवर बोली लावतो. येथे सामना खरा, धावा खऱ्या, धावफलकही खरा. अंकनिर्मात्याची कोणतीही कसोटी हा डोंगर पकडू शकत नाही.

परदेशातील गाजलेली प्रकरणेही हेच सांगतात. ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर २००७ मध्ये एका खात्याला इतरांचे झाकलेले पत्ते दिसत असल्याचे उघड झाले. पत्ते मात्र नीट पिसलेले होते. अमेरिकेतील मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशनमध्ये माहिती सुरक्षेची जबाबदारी असलेल्या एडी टिप्टन याने तर अंकनिर्मात्यातच आज्ञा घुसवली. वर्षातील ठरावीक दिवशी येणारे आकडे तिच्यामुळे आधी ओळखता येत. बाहेरच्या तपासणीत ती आज्ञा सापडली नाही. राखणदारच आत असल्यावर कुलूप तपासून काय साधणार? २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा झाली.

याउलट, सगळेच खेळ आतून फिरवलेले असतात हा समजही चुकीचा आहे. मालकाला फिरवण्याची गरजच नसते. एका शून्याच्या रूलेटवर ३७ घरे असतात आणि अचूक आकड्याला लावलेले पैसे परत मिळून वर ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाचे. ९६ टक्के परताव्याच्या स्लॉटवर १० रुपयांचे ५०० डाव खेळले, तर ५,००० रुपये फिरतात आणि सरासरी २०० जातात. लोणावळा-पुणे लोकलच्या एका फेरीत ५०० डाव सहज होतात. हा पूर्णपणे सचोटीचा, प्रमाणित खेळ झाला!

मग खरी तपासणी कोणती? पत्त्यांच्या अड्ड्यावर एक जण पिसतो आणि दुसरा काटतो, तसा खेळणाऱ्याचा हात निकालात असावा. काही ऑनलाइन खेळांत ही सोय आहे. निकाल ज्या आकड्यांवरून काढला जातो त्यांना बीज म्हणतात. संकेतस्थळ आपल्या गुप्त बीजाचा हॅश आधीच जाहीर करते, खेळणारा आपले बीज देतो, आणि नंतर गुप्त बीज उघड झाले की निकाल कोणालाही पडताळता येतो. पण यातून डाव बदलला नाही एवढेच सिद्ध होते. जिंकलेले पैसे हाती पडतील, याची हमी त्यात नाही. त्यासाठी खेळणाऱ्यांच्या ठेवी वेगळ्या ठेवणारा, सुरू असलेल्या खेळांच्या नोंदी मागवणारा, संशय आल्यास खेळ थांबवून पैसे परत करायला लावणारा अधिकारी लागतो. प्रयोगशाळेच्या अहवालाला वजन येते ते अशा अधिकाऱ्यामुळे.

महाराष्ट्रात असा अधिकारी नाही. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्याचे परवाने पंचतारांकित हॉटेलांतील आणि मांडवीतील जहाजांवरील खेळांपुरते आहेत. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे लोणावळ्यात मोबाइलवर उघडणाऱ्या कॅसिनोच्या पानावर परदेशी प्रयोगशाळेचा शिक्का दिसला, तरी येथील खेळणाऱ्याला त्याचा आधार नाही. पैसे बुडाले, तर राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक आणि जवळचे पोलीस ठाणे, एवढीच दारे उरतात.