मोकळा तास



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलीचे अब्बा दाखला मागायला आले. आम्ही विचारले, कुठे घालताय तिला? म्हणाले, "कहीं नहीं मॅडम. घरीच राहील. माहौल ठीक नहीं."

मुलगी हुशार. उर्दू स्वच्छ वाचते, मराठीचा धडाही न अडखळता वाचते, आणि ज्यांनी आमच्यासारख्या खेड्यातल्या सरकारी हायस्कुलात शिकवले आहे त्यांना ही किती मोठी गोष्ट आहे ते ठाऊक असेल. आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला. पहिला अर्धा तास ते फक्त "माहौल" एवढेच म्हणत राहिले. मग हळूहळू बोलले. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. म्हणून त्यांची मुलगी सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. आणि दुपारनंतर दोन तास वर्गावर कुणी नसते. मागचे कुंपण पडलेले आहे, तिथून गावातली शाळा सोडलेली पोरे मोबाइल हातात घेऊन खिडकीशी येऊन उभी राहतात.

कडीचे आम्हाला माहीत होते. दोन वर्षांपासून माहीत होते. निधी येईल, दुरुस्ती निघेल, असे म्हणत आम्ही सगळेच वाट पाहत होतो. एका कडीसाठी निधीची वाट! दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी बाजारातून कडी आणून बसवली, वीस मिनिटांत. हे लिहिताना आम्हाला शरम वाटते, पण लिहिले पाहिजे.

खिडकीचे मात्र खरेच माहीत नव्हते. मुली आम्हाला बोलल्या नाहीत, अम्मीला बोलल्या. का बोलल्या नाहीत, याचा विचार आम्ही बरेच दिवस करत आहोत. त्यांना वाटले असणार, तक्रार केली तर पहिली शिक्षा आपल्यालाच होईल, शाळा बंद होईल. आणि झालेही तसेच. दाखल्याचा अर्ज आलाच.

आता ते दोन मोकळे तास. ते गणित आणि विज्ञानाचे आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांची बदली झाली, जागा रिकामी आहे. गणिताचे सर दोन वर्ग सांभाळतात, वर निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे. पवित्र पोर्टलवरून भरती होते, पण उर्दू माध्यमात विज्ञान शिकवणारा उमेदवार आमच्या कोपऱ्यातल्या गावी पोहोचेपर्यंत वर्ष सरते.

लोक सुरक्षितता वेगळी मांडतात आणि अभ्यास वेगळा. बदलापूरच्या घटनेनंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने निर्णय काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या. सखी सावित्री समितीचा आदेश तर त्याही आधीचा, २०२२ चा. हे सगळे हवेच आहे. पण आमचा अनुभव सांगतो की शाळेत जे काही वाईट घडते, मारामारी, छेडछाड, चिठ्ठ्या, भिंतीवर नावे लिहिणे, त्यातले बहुतेक मोकळ्या तासात घडते. जिथे शिक्षक फळ्यासमोर उभा आहे आणि मुले वहीत मान घालून गणित सोडवत आहेत, त्या खिडकीशी कुणी येऊन उभे राहत नाही. कॅमेरा फार तर घडलेले दाखवील. तो तास घेणार नाही.

आणि अभ्यासाची अवस्था काय आहे? 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी आहे. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सरळ वाचता येत नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून जास्त मुलांना जमले नाही. आमच्या नववीत याहून वेगळे नाही. दहावीला ३५ गुण मिळवून पास होता येते, म्हणून ते झाकले जाते. काही शाळा तर शंभर टक्के निकालाच्या पाटीसाठी कच्च्या मुलांना नववीतच वाटेला लावतात. शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंतच पाठीशी उभा असतो. नववीच्या उंबरठ्यावर मूल एकटे पडते, आणि मुलगी असेल तर फारच एकटी.

त्या अब्बांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. दाखला काढल्याने तुमची मुलगी सुरक्षित होईल असे तुम्हाला वाटते, पण मागे राहिलेल्या मुलींचे काय? संचमान्यतेचा १५ मार्च २०२४ चा जो निर्णय आहे, त्याने नववी-दहावीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचे पद टिकणे अवघड झाले आहे. आमच्या दोन्ही वर्गांत मिळून सव्वीस मुले आहेत. सात दाखले निघाले की उरलेले तासही मोकळे. मग शाळाच कशाला, असे म्हणायला सगळे तयार असतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे हे खरे, पण तालुक्याच्या शाळेची शेवटची गाडी हुकली तर घरी काय बोलणी बसतात तेही आम्हाला माहीत आहे.

ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "हम क्या कर सकते?"

करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो. आमच्या समितीत अम्मींची नावे कागदावर आहेत, सह्या घरी जाऊन आणल्या जातात. हा दोष आमचाही. मोहल्ल्यात बीएस्सी झालेल्या दोन मुली घरी बसून आहेत. समितीने ठराव केला, मुख्याध्यापकांनी होकार दिला, तर शिक्षक येईपर्यंत आठवड्यातून तीन तास त्या घेऊ शकतात. जमातीने मशिदीच्या रंगासाठी वर्गणी काढली, त्यातून शाळेच्या कुंपणाची तार का येऊ नये, हा प्रश्न आम्ही जुम्याच्या नमाजनंतर बसणाऱ्या बुजुर्गांपर्यंत पोहोचवला आहे. अजून उत्तर आलेले नाही.

एक गोष्ट मात्र पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. छेडछाडीच्या पुढे प्रकरण गेले, मुलाला किंवा मुलीला कुणी अंगाला हात लावला, तर ते "आपसात मिटवायचे" नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या सगळ्या मुलांना संरक्षण दिले आहे, मुलांनाही. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे; न कळवणे हाही गुन्हा आहे, मग तो शिक्षक असो, मुख्याध्यापक असो. १०९८ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवा. इज्जतीच्या नावाखाली मुलीला घरात बसवणे आणि करणाऱ्याला मोकळे सोडणे, हा कुठला न्याय?

दाखल्याचा अर्ज अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. अब्बांनी तो परत मागितला नाही, आणि दाखलाही मागितलेला नाही. मुलगी रोज येते. आता पाण्याची बाटली आणते. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिच्या अम्मींनी निरोप पाठवला आहे की बुधवारी बाजार असतो, तेवढा वार सोडून ठेवा, म्हणजे येईन.